शीलाची कथा आणि फासाचा दोर

पाश्चात्त्य जगातल्या स्त्री-पुरुष संबंधांविषयी आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, अभ्यासवर्गांत दोन मते कायम ऐकू येतात. पहिले मत आपल्याच तरुणांचे असते : तिकडे सगळे मोकळे आहे, कुणी कुणावर प्रेम करावे याला आडकाठी नाही. दुसरे मत संस्कृतीच्या ठेकेदारांचे असते : तिकडे स्वैराचार, आपल्याकडे संस्कार. ही मते एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण दोघांचा पाया एकच आहे. पाश्चात्त्यांची लैंगिकता त्यांच्या स्वभावातून, रक्तातून आली आहे, असे दोघेही धरून चालतात.

आमचे म्हणणे असे की लैंगिकतेविषयीच्या कल्पना कोणत्याही समाजात आयत्या उगवत नाहीत. त्या कथांमधून घडवल्या जातात. धर्मग्रंथ, कायदा, वैद्यक, वर्तमानपत्र, सिनेमा ही त्या कथांची साधने आहेत. आणि ज्याच्या हातात जमीन, न्यायालय आणि छापखाना, त्याचीच कथा 'निसर्ग' म्हणून समाजाच्या गळी उतरते. याचा सर्वांत ढळढळीत पुरावा अमेरिकेच्या इतिहासात आहे आणि तो आंबेडकरी कार्यकर्त्याने नीट वाचला पाहिजे.

निसर्ग एवढ्या लवकर बदलतो काय?

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हाइनरिश क्रेमर या धर्मगुरूने 'मॅलियस मॅलेफिकारम' हा ग्रंथ रचला. चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर खटले कसे चालवावेत, हे सांगणारा हा ग्रंथ. स्त्रीची कामवासना कधीच शमत नाही, म्हणून ती सैतानाच्या जाळ्यात पुरुषापेक्षा लवकर सापडते, हा त्यातला एक मुख्य युक्तिवाद. त्यामागे आदम आणि हव्वेची कथा होती. हव्वेने फळ खाल्ले, म्हणून पाप जगात आले.

आता १८५७ सालात या. लंडनमध्ये विल्यम ॲक्टन नावाचा डॉक्टर वैद्यकाचे पुस्तक लिहितो आणि सांगतो की बहुसंख्य स्त्रियांना कामवासनेचा फारसा त्रास होत नाही. सद्गुणी पत्नी पतीच्या इच्छेला मान देते, एवढेच. पौने चारशे वर्षांत स्त्रीच्या शरीरात काय बदलले? काहीच नाही. बदलली ती समाजाची गरज. कारखानदारीच्या काळातल्या मध्यमवर्गाला घरात बसून घराची अब्रू राखणारी स्त्री हवी होती. म्हणून कालची वासनांध हव्वा आज निष्काम देवी झाली.

पण ही देवी फक्त गोरी आणि सुखवस्तू होती. ज्या लंडनमध्ये हे देवीपण घडत होते, त्याच शहरात १८१० साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या सारा बार्टमन या खोइखोइ स्त्रीचे शरीर तिकीट लावून दाखवले गेले. १८१५ साली पॅरिसमध्ये ती मरण पावली. जॉर्ज क्युव्हिए या नामांकित शास्त्रज्ञाने तिचे विच्छेदन केले. तिचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात १९७४ पर्यंत लोकांसमोर ठेवलेले होते. ते मायभूमीत परत यायला २००२ साल उजाडले. आफ्रिकी स्त्री जन्मतःच कामुक असते, या कथेला त्या काळच्या विज्ञानाने पुरावा म्हणून तिचे शरीर वापरले. गोरी स्त्री पवित्र ठरवायची तर कुणाला तरी अपवित्र ठरवावेच लागते. सोवळे आणि ओवळे ही जोडी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

कायद्याने लिहिलेली कथा

इंग्रजी कायद्यात मूल बापाचा दर्जा घेत असे. १६५६ साली व्हर्जिनियात एलिझाबेथ की या स्त्रीने, आपला बाप इंग्रज होता हा मुद्दा मांडून, न्यायालयातून स्वातंत्र्य मिळवले. मळेवाल्यांना धोका कळला. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मूल आईचा दर्जा घेईल. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. या एका ओळीने मालकाचा बलात्कार त्याच्यासाठी फायद्याचा सौदा झाला. जन्मलेले मूल त्याची संतती नव्हती, त्याची मालमत्ता होती.

दुसऱ्या बाजूने १६९१ साली त्याच व्हर्जिनियाने निग्रो, मुलॅटो किंवा इंडियन व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्या माणसाला वसाहतीतून हद्दपार करण्याचा कायदा केला. मनुस्मृतीतला अनुलोम-प्रतिलोम विचार ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. वरच्या पुरुषाने खालच्या स्त्रीकडे जावे, ते खपते. खालच्या पुरुषाने वरच्या स्त्रीकडे पाहिले, तर सृष्टीचा नियम मोडतो. मनूने शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांच्या संततीला चांडाळ म्हटले. मळेवाल्यांनी मनू वाचला नव्हता, पण माणसांच्या उतरंडीवर मालकी टिकवायची असेल तर स्त्रीच्या गर्भावर पहारा बसवावा लागतो, हे त्यांनाही कळले होते.

१८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी आली. आता गुलामांची संख्या वाढणार ती इथल्या गुलाम स्त्रियांच्या कुशीतूनच. अशा वेळी 'काळी स्त्री स्वभावतः कामुक असते, ती कुणाला नाही म्हणत नाही' ही कथा किती सोयीची होती पाहा. १८५५ साली मिझूरी राज्यात सेलिया नावाच्या तरुण गुलाम स्त्रीने वारंवार बलात्कार करणाऱ्या मालकाला ठार मारले. तिच्या वकिलाने राज्याचाच कायदा पुढे केला. 'कोणत्याही स्त्री'ला अब्रू वाचवण्यासाठी प्रतिकाराचा हक्क आहे, असे त्यात लिहिले होते. पण गुलाम स्त्रीला हे संरक्षण लागू नाही, असे न्यायालयाने धरले आणि सेलियाला फाशी झाली. १८५९ साली मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाने तर गुलाम मुलीवरील बलात्कार हा राज्याच्या कायद्यात गुन्हाच नाही, असा निकाल दिला. ती मुलगी दहा वर्षांचीही नव्हती.

या कथेला पहिले जोरदार उत्तर एका गुलाम स्त्रीनेच दिले. हॅरिएट जेकब्ज मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथे उभेही राहता येत नव्हते अशा जागेत, सुमारे सात वर्षे लपून राहिली. १८६१ साली तिने टोपणनावाने आत्मकथन प्रसिद्ध केले आणि मालकांच्या घरात काय चालते ते जगापुढे मांडले.

मताचा हक्क मिळाला आणि 'बलात्कारी' जन्माला आला

यादवी युद्ध संपले. १८६५ साली गुलामगिरी घटनेने रद्द झाली, १८७० साली कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला. मग कथेत एक नवे पात्र आले, गोऱ्या स्त्रीच्या शीलावर टपलेला काळा पुरुष. त्याची तयारी आधीच सुरू झाली होती. १८६४ च्या निवडणुकीत लिंकनला बदनाम करण्यासाठी विरोधी पक्षाच्या दोन पत्रकारांनी एक बनावट पुस्तिका काढली. लिंकनच्या पक्षाला गोऱ्या-काळ्यांचा संकर हवा आहे, असा भास तिने निर्माण केला. 'मिसेजिनेशन' म्हणजे वर्णसंकर हा शब्दच त्या पुस्तिकेने घडवला. पुढे शंभर वर्षे हा शब्द कायद्यांच्या चर्चेत गंभीरपणे वापरला गेला. त्याचा जन्म निवडणुकीच्या लबाडीतला!

फ्रेडरिक डग्लस यांनी या कथेला बिनतोड प्रश्न विचारला. युद्धाच्या काळात गोरे पुरुष आघाडीवर होते आणि त्यांच्या बायका-मुली मळ्यांवर गुलामांच्या भरवशावर राहत होत्या. तेव्हा हा आरोप ऐकू आला नाही. मग काळ्या माणसाच्या हातात मत आल्यावरच तो एकाएकी बलात्कारी कसा झाला?

या प्रश्नाला आकड्यांचे बळ दिले ते आयडा बी. वेल्स यांनी. १८६२ साली मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मलेल्या वेल्स शिक्षिका होत्या, मग मेम्फिसमध्ये पत्रकार झाल्या. मार्च १८९२ मध्ये तिथे थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यावर बलात्काराचा आरोपही नव्हता. त्यांचे किराणा दुकान चांगले चालत होते आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते, हा त्यांचा गुन्हा.

मॉस वेल्स यांचे मित्र होते. त्यांनी लिंचिंगच्या म्हणजे झुंडीने केलेल्या हत्यांच्या एकेक घटनेचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. विरोधकांनी खोटे म्हणू नये म्हणून गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांनी छापलेले आकडे घेतले. आधीच्या आठ वर्षांतल्या ७२८ हत्यांपैकी केवळ एक तृतीयांश प्रकरणांत बलात्काराचा नुसता आरोप होता. सिद्ध होण्याचा तर प्रश्नच नव्हता. आणि ज्या प्रकरणांत आरोप होता, त्यांतल्या अनेकांत दोघांच्या राजीखुशीचा संबंध होता, तो उघडकीस आल्यावर 'बलात्कार' ठरला. हे त्यांनी आपल्या 'फ्री स्पीच' पत्रात सूचित करताच जमावाने पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त केले. वेल्स त्या वेळी शहराबाहेर होत्या म्हणून वाचल्या. परत आलात तर मारू, अशा धमक्या आल्या. त्यांनी न्यूयॉर्कहून लिहिणे चालू ठेवले, १८९५ साली 'अ रेड रेकॉर्ड' हा अहवाल काढला, इंग्लंडमध्ये जाऊन सभा घेतल्या.

लक्षात घ्या, वेल्स यांनी काय उघड केले. गोऱ्या स्त्रीला इच्छा असते आणि ती इच्छा काळ्या पुरुषाविषयीही असू शकते, एवढेच त्या म्हणाल्या. त्याच्याने अख्खा दक्षिण भाग पेटला. कारण गोरी स्त्री इच्छाहीन आहे, या एका गृहीतकावर सगळा डोलारा उभा होता. टस्कीगी संस्थेच्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ माणसे लिंचिंगमध्ये मारली गेली, त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होती. त्या नोंदींतही बलात्काराचा वा त्याच्या प्रयत्नाचा आरोप सुमारे चतुर्थांश प्रकरणांतच दिसतो. उरलेल्यांत मजुरीचा वाद आहे, उलट बोलणे आहे, मत देणे आहे. पण लोकांच्या डोक्यात कारण एकच राहिले, शील.

पडद्यावरची कथा आणि कोलंबियातला विद्यार्थी

१९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट आला. त्यात काळ्या पुरुषापासून पळणारी गोरी मुलगी शील वाचवण्यासाठी कड्यावरून उडी घेते आणि कु क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार राष्ट्राचे तारणहार म्हणून येतात. काळ्यांची प्रमुख पात्रे चेहरा रंगवलेल्या गोऱ्या नटांनी केली होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेने ठिकठिकाणी निषेध केला, तरी चित्रपट तुफान चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जियात क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. कथा सिनेमागृहातून थेट रस्त्यावर उतरली.

हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये चालू होता त्या वर्षी त्याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात एक तरुण अस्पृश्य विद्यार्थी जातिसंस्थेचा उलगडा करत होता. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीचे खास लक्षण म्हणजे अंतर्विवाह, गटाबाहेर लग्न होऊ न देणे, असे त्यांनी मांडले. हे बंधन टिकवायचे तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळवत ठेवावी लागते. नवरा मेल्यावर उरलेली स्त्री धोका बनते, म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य. बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषासाठी बालवधू. आणि सर्वांत महत्त्वाचे, या प्रथांचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान प्रथांच्या नंतर आले. प्रथा चालू होत्या म्हणून त्यांचा गौरव करावा लागला.

आमच्या मते अमेरिकेचा हा इतिहास वाचण्याची किल्ली इथेच आहे. गरज आधी येते, कथा नंतर. मळ्याला मजूर हवे होते, मग काळी स्त्री कामुक ठरली. मतपेटी काळ्यांपासून दूर ठेवायची होती, मग काळा पुरुष बलात्कारी ठरला. बाबासाहेबांनी सांगितलेले अंतर्विवाहाचे सूत्र आणि व्हर्जिनियाचा कायदा एकाच कुळातले आहेत. १९२४ साली व्हर्जिनियाने 'वांशिक शुद्धते'चा कायदा केला. गोरा म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा अंशही नाही असा. पण राज्यातली काही बडी घराणी स्वतःला पोकाहॉन्टस या मूळनिवासी स्त्रीचे वंशज म्हणवत. त्यांच्यासाठी एक सोळांश मूळनिवासी रक्ताची सूट ठेवली गेली. शुद्धतेचा नियम लिहिणारा स्वतःसाठी पळवाट आधी ठेवतो, हे काही फक्त आपल्या पुरोहितांचे वैशिष्ट्य नाही.

कुणाच्या शीलाचे रक्षण?

या कथेने गोऱ्या स्त्रीचे तरी रक्षण केले काय? १९३० साली अटलांटात जेसी डॅनियल एम्स यांनी दक्षिणेतल्या गोऱ्या स्त्रियांची लिंचिंगविरोधी संघटना उभारली. आमच्या नावाने खून करू नका, असे या स्त्रियांनी जाहीर केले. ज्या शिलेदारीच्या नावाखाली हे चालते ती आम्हालाच कैदेत ठेवते, हे त्यांना उमगले होते.

आणि कृष्णवर्णीय स्त्री? १९४४ साली अलाबामात रेसी टेलर यांना चर्चहून घरी जाताना सशस्त्र गोऱ्या तरुणांनी पळवून नेले आणि सामूहिक बलात्कार केला. तपासासाठी संघटनेने रोझा पार्क्स यांना पाठवले. एकाही आरोपीवर खटला उभा राहिला नाही. अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ साली. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. १९३० नंतर अमेरिकेत बलात्कारासाठी ४५५ पुरुषांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांपैकी ४०५ कृष्णवर्णीय होते.

१२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात आंतरवंशीय विवाहबंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ राज्यांत ती चालू होती. खालच्या न्यायाधीशाने बंदीचे समर्थन करताना देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, असा आधार दिला होता. अलाबामाच्या राज्यघटनेतून मृत झालेले कलम काढायला २००० साल लागले आणि त्या जनमतातही सुमारे ४० टक्के लोकांनी ते काढण्याच्या विरोधात मत दिले. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या गोऱ्या तरुणानेही 'आमच्या स्त्रियां'वरील बलात्काराचेच कारण सांगितले. कायदा मेला तरी कथा जिवंत राहते.

चळवळीच्या आतली कथा

इथवर वाचून मान डोलावणे सोपे आहे. पुढचे थोडे जड जाईल.

१८९५ साली मिझूरीतल्या एका गोऱ्या संपादकाने कृष्णवर्णीय स्त्रियांना सरसकट वेश्या आणि चोर ठरवणारे पत्र लिहिले. त्याला उत्तर म्हणून त्या स्त्रिया देशभर एकवटल्या आणि १८९६ साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण बदनामीला उत्तर देता देता 'आम्हीही तुमच्याइतक्याच शीलवान आहोत' हे सिद्ध करण्याचे ओझे चळवळीच्या पाठीवर बसले.

त्या ओझ्याखाली कोण चिरडले? २ मार्च १९५५ रोजी माँटगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार देऊन क्लॉडेट कॉल्व्हिन ही १५ वर्षांची मुलगी तुरुंगात गेली. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. नेत्यांनी तिला लढ्याचा चेहरा केले नाही. ती कोवळी होती, गरीब वस्तीतली होती आणि पुढे लग्नाविना गरोदर राहिली. ज्या खटल्याने १९५६ साली बसमधला वर्णभेद संपवला, त्यात मात्र ती वादी होती. बायर्ड रस्टिन समलिंगी होते. १९६० साली त्यांच्याविषयी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी खोटी कंडी पिकवण्याची धमकी आली, तीही एका कृष्णवर्णीय खासदाराकडून, आणि रस्टिन यांना बाजूला व्हावे लागले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नियोजन अखेर त्यांनीच केले, कारण ए. फिलिप रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा सिनेटमध्ये रस्टिन यांच्या चारित्र्याचे वाभाडे काढणारा स्ट्रॉम थर्मंड स्वतः कोण होता? वर्णभेदाचा कट्टर समर्थक. आणि घरातल्या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मोलकरणीपासून त्याला मुलगी झाली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर २००३ साली जगाला कळले.

आता आपल्याकडे पाहू. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मागे जमिनीचा वाद होता, पण पसरवली गेली ती 'अनैतिक संबंधां'ची कथा. मेम्फिसचे दुकान आणि खैरलांजीची जमीन, दोन्हीकडे मालमत्तेवर शीलाचा पडदा टाकला गेला. हे आपण ओळखतो, त्याविरुद्ध मोर्चे काढतो. पण समाजकार्य करताना आम्हाला वारंवार असेही दिसते की अत्याचाराचे प्रकरण आले की आपल्याच बैठकीत कुणीतरी हळूच विचारते, मुलगी कशी होती? आपली मुलगी दुसऱ्या समाजात गेली की 'समाजाची इज्जत' आठवते, आपल्या मुलाने दुसऱ्या समाजातली आणली की क्रांती वाटते. हा प्रतिलोमाचाच हिशेब आहे, फक्त निळ्या झेंड्याखाली मांडलेला.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नांवरील मजकुरासाठी र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेबच उभे राहिले. या विषयावर उघड, शास्त्रीय बोलणे हे त्यांना लाजेचे वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. शीलाची, संस्कारांची, 'आपल्या मुलीं'ची कथा कुणी सांगू लागला की वेल्स यांच्यासारखी वही उघडा. जमीन कुणाची, दुकान कुणाचे, मत कुणाचे, मजुरी किती थकली, हे आधी लिहा. तारीख लिहा, गाव लिहा, फिर्यादीत काय आहे आणि गावात काय बोलले जाते ते वेगवेगळे लिहा. आणि पुढच्या बैठकीत कुणी मुलीचे चारित्र्य विचारले, तर तो प्रश्न तिथेच थांबवा. तो प्रश्न विचारणारा आपलाच असला तरी.

जय भीम!